डेव्हिड लायोनेल सॅलोमन्स

सर डेव्हिड लायोनेल सॅलोमन्स (जन्म : २८ जून १८५१, मृत्यू : १९ एप्रिल १९२५) हे विद्युतशास्त्राचे अभ्यासक, इंग्लंडमधील मोटारगाडीचे आद्य पुरस्कर्ते आणि घड्याळांचे संग्राहक होते. पॅरिसचे घड्याळकार अब्राहम-लुई ब्रेगे यांची विस्मृतीत जाऊ लागलेली घड्याळे अभ्यासविषय बनली, याचे मोठे श्रेय सॅलोमन्स यांना दिले जाते.

जीवन

लहानपणीच मातापित्यांचे छत्र हरपल्याने त्यांचे संगोपन चुलत्यांनी केले. हे चुलते लंडनचे पहिले ज्यू लॉर्ड मेयर होते. १८७३ साली त्यांच्या निधनानंतर बॅरोनेट हा किताब आणि टनब्रिज वेल्सजवळील ब्रूमहिल ही वास्तू पुतण्याकडे आली. केंब्रिज येथे विज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या सॅलोमन्स यांनी ब्रूमहिल येथे कार्यशाळा उभारल्या आणि घरात वीज खेळवली. १५ ऑक्टोबर १८९५ रोजी त्यांनी टनब्रिज वेल्स येथे ब्रिटनमधील पहिले मोटार-प्रदर्शन भरवले. त्या काळी यांत्रिक वाहनांस ताशी ४ मैलांची वेगमर्यादा होती. ती शिथिल करण्याच्या चळवळीत त्यांचा पुढाकार होता; १८९६ च्या कायद्याने मर्यादा ताशी १४ मैल झाली.

त्यांचा एकुलता एक मुलगा ऑक्टोबर १९१५ मध्ये गॅलिपोलीजवळ ‘हाइथ’ हे जहाज बुडून मरण पावला.

घड्याळांचा संग्रह

सॅलोमन्स यांनी ब्रेगे यांची शंभराहून अधिक घड्याळे जमवली. मौल्यवान अलंकार म्हणून नव्हे, तर यंत्ररचनेचे नमुने म्हणून ते त्यांकडे पाहत. १९१७ साली त्यांनी ‘मारी आंत्वानेत’ हे क्रमांक १६० चे घड्याळ विकत घेतले. १७८३ साली फ्रान्सच्या या राणीसाठी मागवलेले हे घड्याळ १८२७ साली, म्हणजे राणी व ब्रेगे या दोघांच्याही मृत्यूनंतर, पूर्ण झाले. शाश्वत दिनदर्शिका, तापमापक आणि स्वतंत्र सेकंदकाटा त्यात आहेत. हा सेकंदकाटा क्रोनोग्राफचे पूर्वरूप मानला जातो. १९२१ साली सॅलोमन्स यांनी ब्रेगे यांच्यावरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

मृत्यूनंतर

संग्रहातील ५७ घड्याळे कन्या व्हेरा यांना मिळाली. उर्वरित संग्रहाची पुढे पांगापांग झाली. व्हेरा यांनी जेरुसलेम येथे स्थापन केलेल्या एल. ए. मेयर इस्लामी कला संग्रहालयात पित्याची घड्याळे ठेवली. एप्रिल १९८३ मध्ये तेथून ‘मारी आंत्वानेत’सह शंभरावर वस्तू चोरीस गेल्या. सुमारे पाव शतकानंतर त्यांपैकी बहुतेक परत मिळाल्या व ते घड्याळही संग्रहालयात परतले.