राजाचं घर

टिटवाळ्याच्या घरी माळ्यावर आजीची चिनी मातीची कपबशी पडलीय? कान तुटलाय म्हणून टाकून देण्याआधी दिनकर केळकरांची गोष्ट वाचा.

१८९६ साली जन्मलेले केळकर पुण्यात चष्म्यांचं दुकान चालवायचे, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहायचे. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. दिवे, अडकित्ते, भांडीकुंडी... लोकांच्या लेखी सगळी अडगळच! मुलगा राजा लहानपणीच गेला. केळकर वस्तू जमवत राहिले आणि संग्रहालयाला त्याचंच नाव दिलं. विकून पैसा करता आला असता. पण त्यांनी सगळं सरकारच्या हाती सोपवलं. १९९० साली ते गेले.

कल्याणहून पुण्याची गाडी पकडा, शुक्रवार पेठेतलं ‘राजा केळकर’ बघून या. मग ती कपबशी टाकवतेय का, बघा.