वरूडचा ‘संत्रा’ सी भाषेत 18 बाइटचा का होतो? डेनिस रिची यांची गोष्ट

विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणजे आपलं वरूड. इथल्या एखाद्या पोराने लिनक्सचा कॉम्प्युटर मराठीत सुरू केला, की मेनू आणि मेसेज मराठीत दिसतात. पण लिनक्स ज्या सी भाषेत लिहिलंय, ती बनवताना मराठीचा विचारच झाला नव्हता.

ती भाषा डेनिस रिची यांची. जन्म 9 सप्टेंबर 1941, न्यूयॉर्कजवळच्या ब्रॉन्क्सव्हिलचा. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकले आणि 1967 मध्ये वडील काम करत होते त्याच बेल लॅब्समध्ये लागले. तिथे केन थॉम्पसन यांच्यासोबत युनिक्स उभं केलं. 1972 च्या सुमारास सी आली आणि 1973 मध्ये युनिक्सच सीमध्ये पुन्हा लिहिलं गेलं. 1983 मध्ये दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पण सीमध्ये एका अक्षराला जागा एका बाइटची. इंग्रजीचं त्यात भागतं, मराठीचं नाही. यावर तोडगा निघाला तो बेल लॅब्समध्येच. 1992 मध्ये थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-8 तयार केलं. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. ‘संत्रा’मध्ये अनुस्वार, हलन्त, काना धरून 6 चिन्हं, म्हणून 18 बाइट. प्रोग्रामरने जागा कमी ठेवली, तर शब्द अर्ध्यात तुटणार.

अक्षरं आली, पण मेसेजचं काय? ते तर कोडमध्येच इंग्रजीत लिहिलेले. 1995 मध्ये ग्नू गेटटेक्स्ट आलं. यात मेसेजची वेगळी फाइल असते. वरच्या ओळीत इंग्रजी, खालच्या ओळीत मराठी. प्रोग्राम चालताना खालची ओळ उचलतो.

इथेही एक गोम आहे. इंग्रजीत ‘पाठवले’ आधी येतं, मराठीत ‘नागपूरला 5 क्रेट पाठवले’ असं शेवटी. म्हणून वाक्याचे तुकडे जोडायचे नसतात. अख्खं वाक्य एकच मेसेज म्हणून द्यायचं आणि रिकाम्या जागांना नंबर द्यायचे. ‘1 संत्रा, 5 संत्री’ यासाठी एकवचन-अनेकवचनाच्या ओळी वेगळ्या.

5 ऑक्टोबर 2011 ला स्टीव्ह जॉब्स गेले, जग हळहळलं. आठवडाभरात, 12 ऑक्टोबरला, रिची न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत सापडले. त्याची चर्चा फारशी झाली नाही.

आता मराठी स्क्रीनवर मध्येच इंग्रजी वाक्य दिसलं, तर बहुतेक वेळा खालची ओळ कोणी भरलेली नसते. ती भरायला प्रोग्रामिंग यावंच लागतं असं नाही. मराठी मात्र चांगली यायला हवी.