भास्कराचार्य आणि घातांकांची ओळख

वाशी, नेरूळ, कोपरखैरणे येथील घरांत सातवी-आठवीची मुले घातांकांचे नियम मोठ्याने पाठ करताना आम्ही अनेकदा ऐकतो. पाया समान असता गुणाकारात घातांकांची बेरीज करावी. घाताचा घात करताना घातांकांचा गुणाकार करावा. नियम पाठ होतात आणि उत्तरपत्रिकेत नेमकी त्यांची अदलाबदल होते. आपल्यालाही हे प्रकरण कधी उमगले नव्हते, अशी कबुली मग पालकही देतात. वास्तविक या विद्येचे एक थोर आचार्य आपल्याच सह्याद्रीच्या परिसरात होऊन गेले.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. ही माहिती त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. प्राचीन ग्रंथकारांच्या चरित्रकारांना असे भाग्य क्वचितच लाभते. त्यांचे गोत्र शांडिल्य, गाव विज्जलविड आणि वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. विज्जलविड नेमके कोठे, याविषयी विद्वानांत अद्याप मतभेद आहेत. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ सिद्धीस नेला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. लीलावती ही आचार्यांची कन्या आणि घटिकापात्रात मोती पडल्याने तिचा विवाहमुहूर्त टळला, ही कथा १५८७ साली फैजीने अकबरासाठी केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. आचार्यांच्या स्वतःच्या लेखनात ती आढळत नाही. कथा गोड आहे खरी. आम्हाला मात्र त्यांचे बीजगणित अधिक गोड वाटते.

आज आपण ज्याला 'क्ष' म्हणतो, त्या अज्ञात राशीला ते 'यावत्तावत्' म्हणत. आणखी अज्ञात राशी असल्यास कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे. लिहिताना केवळ पहिले अक्षर घ्यायचे: या, का, नी. वर्गासाठी 'व' आणि घनासाठी 'घ'. बेरीज-वजाबाकी सजातीय राशींचीच करावी, वर्ग आणि घन एकमेकांत मिसळू नयेत, ते वेगळे मांडावेत, असा दंडक होता. गुणाकारात मात्र दोन सजातीय राशी मिळून वर्ग होतो, तीन मिळून घन. विजातीय राशींच्या गुणाकाराला 'भावित' असे नाव होते.

पुढच्या घातांची नावे तर विचार करण्याजोगी आहेत. भारतीय बीजगणितात चौथ्या घाताला 'वर्गवर्ग' म्हणत. सहावा घात म्हणजे 'घनवर्ग', घनाचा वर्ग. तीन दुणे सहा. पाचवा घात मात्र 'वर्गघनघात', म्हणजे वर्ग आणि घन यांचा गुणाकार. दोन अधिक तीन. 'घात' हा शब्द जोडला की बेरीज, न जोडला की गुणाकार! आपली मुले जेथे चुकतात, तेथला भेद नावातच सांगून ठेवला होता. आपल्या 'घातांक' शब्दातही तोच घात आहे. (त्याचा दुसरा अर्थ निकालाच्या दिवशी कळतो.) अक्षराच्या डोक्यावर छोटा अंक लिहिण्याची आजची रीत रूढ झाली ती १६३७ साली प्रसिद्ध झालेल्या देकार्तच्या भूमितीच्या ग्रंथामुळे. हा फ्रेंच तत्त्वज्ञ ला फ्लेश येथील येशूसंघीय विद्यालयाचा विद्यार्थी होता.

बीजगणितातील एक उदाहरण आम्ही मुद्दाम सांगतो. एका राशीच्या वर्गवर्गातून, त्या राशीचा वर्ग आणि त्या राशीची दोनशे पट यांच्या बेरजेची दुप्पट वजा केली, तर ९९९९ उरतात. ती राशी कोणती? आचार्य प्रथम दोन्ही बाजूंत राशीची ४०० पट आणि १ मिळवून पाहतात. डाव्या बाजूचे वर्गमूळ निघते, उजवीचे निघत नाही. येथे नियम संपतो आणि स्वतःची बुद्धी चालवावी लागते. मग ते मूळ समीकरणाच्या दोन्ही बाजूंत राशीच्या वर्गाची चौपट, राशीची ४०० पट आणि १ मिळवतात. आता डावीकडे वर्गवर्ग, वर्गाची दुप्पट आणि १ आहेत. वर्गवर्ग म्हणजे वर्गाचाच वर्ग, हे ज्याला दिसते त्याला हे सारे 'वर्ग अधिक एक' याचा वर्ग आहे हेही दिसते. उजवीकडे 'राशीची दुप्पट अधिक शंभर' याचा वर्ग मिळतो. दोन्हींची मुळे घेतली की चौथ्या घाताचे अवघड समीकरण साध्या वर्गसमीकरणावर येते आणि राशी ११ निघते. वाचकांनी पडताळा अवश्य पाहावा: अकराचा चौथा घात १४६४१, त्यातून ४६४२ वजा.

११८३ साली, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' हा ज्योतिषग्रंथ रचला. पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी मान मिळाला, तर नातू चांगदेव सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने चाळीसगावजवळील पाटणे येथे मठ स्थापन केला आणि १२०७ साली निकुंभवंशीय सोइदेवाने त्याला दान दिले. तेथील देवीच्या मंदिरातील हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. लेख संस्कृतात आहे, परंतु शेवटच्या काही ओळी त्या काळच्या मराठीत आहेत. मठाच्या खर्चासाठी कोणकोणत्या मालावर काय द्यावे, त्याची ती नोंद आहे.