माळरानावर वसाहत उभारणारे शेठ वालचंद हिराचंद

आपल्या समाजाने राष्ट्राला दिलेल्या कर्तृत्ववान पुरुषांत शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे स्थान अग्रभागी आहे. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांच्या पायाभरणीमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु खेड्यात कारखाना काढताना कामगाराच्या निवाऱ्याचाही विचार करणारे वालचंदजी फारसे चर्चिले जात नाहीत. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्यांच्या जीवनातील या पैलूचे स्मरण करणे उचित ठरेल.

वालचंदजींचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूर येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. मुंबई व पुणे येथे महाविद्यालयीन शिक्षण घेतल्यानंतर घरच्या पेढीत त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला आणि पुढे भोर घाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे पार पाडली. 1919 साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. 1940 साली बंगळूरचा विमान कारखाना, 1941 साली विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी व 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स हे त्यांच्या कार्याचे पुढील टप्पे होत.

याच काळात त्यांची दृष्टी शेतीकडेही वळली होती. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे त्यांनी पडीक जमीन लागवडीखाली आणली व 1933 साली तेथे साखर कारखाना उभा राहिला. पाठोपाठ पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्यालगतच्या कळंब परिसरात दुसरा कारखाना सुरू झाला. या ठिकाणी एक मूलभूत प्रश्न होता. शहरातील गिरणीला चाळींतून मजूर मिळत; माळरानावर फिटर, लोहार, रसायनतज्ज्ञ व शेतमजूर यांनी राहावे कोठे? भाड्याने घर मिळण्याची सोय तेथे नव्हती. म्हणून कारखान्याबरोबरच कामगारांची घरे, दवाखाना, बाजार व शाळा आकारास आली आणि ती वसाहत वालचंदनगर या नावाने ओळखली जाऊ लागली. तेथील शाळेने वर्धमान विद्यालय हे नाव धारण केले. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवून जो मार्ग दाखविला होता, तोच येथे अधिक विस्ताराने अनुसरला गेला.

कारखान्याच्याच जमिनीवर घरे बांधल्याने जागेच्या किमतीचा भार कामगारावर येत नाही आणि कुटुंबासह राहणारा माणूस कामावर टिकतो. या व्यवस्थेची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. नोकरीशी बांधलेले घर नोकरीबरोबरच सुटते. आयुष्यभर कष्टूनही ते कामगाराच्या मालकीचे होत नाही.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला हा इतिहास परका नाही. हरिगाव, टिळकनगर, साकरवाडी ही गावे साखर कारखान्यांच्या आधारानेच वाढली. 1950 साली प्रवरानगर येथे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना सुरू झाला आणि शेतकरी मालक झाला. परंतु पाथर्डी, शेवगाव, जामखेड येथून हंगामासाठी निघणारा ऊसतोड मजूर आजही पाचट-बांबूच्या कोपीत संसार थाटतो. 1951 च्या मळे कामगार कायद्याने चहा, कॉफी, रबर या मळ्यांच्या मालकांवर कामगारांना घरे देण्याचे बंधन घातले. उसाचा फड मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य शासनाने 2021 साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. मुलांची सोय झाली, तरी फडावरील आई-वडिलांच्या निवाऱ्याचा प्रश्न उरतोच.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध, उपकरण यांसह आवास हेही दान सांगितले आहे. ते मुख्यतः त्यागीजनांच्या सेवेसाठी असले, तरी त्यामागील करुणेला सीमा नाही. आपल्यापैकी अनेकांचा व्यापार याच उसाच्या पैशावर उभा आहे. गावोगावच्या ट्रस्टांनी, व्यापाऱ्यांनी व कारखान्यांनी मिळून हंगामापुरते पक्के छप्पर, पिण्याचे पाणी व शौचालय एवढी सोय जरी केली, तरी ते मोठे पुण्यकार्य ठरेल.

8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे वालचंदजींचे निधन झाले. त्यांनी आरंभिलेले निवाऱ्याचे कार्य फडावरच्या कोपीपर्यंत पोहोचविणे, हीच त्यांना खरी श्रद्धांजली होय. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.