ना नांगरणी, ना खुरपणी, ना पाणी! साठीत बागकामाचे नियम मोडणाऱ्या रूथ स्टाउट

बाग म्हटलं की काम आलंच. माती खणा, तण काढा, रोज पाणी घाला. याच कटकटीला कंटाळून अनेकांची हौस एका उन्हाळ्यात संपते. पण अमेरिकेतल्या एका बाईंनी ही सगळी कामं सोडून दिली आणि तरीही तीसहून जास्त वर्षं घरची भाजी पिकवली.

त्यांचं नाव रूथ स्टाउट.

जन्म १८८४ चा, कॅन्सस राज्यातल्या गिरार्डचा. नीरो वुल्फ हा गाजलेला डिटेक्टिव्ह लिहिणारे रेक्स स्टाउट हे त्यांचे धाकटे भाऊ. रूथ यांनी न्यूयॉर्कमध्ये नोकऱ्या केल्या, १९२३ मध्ये क्वेकर पंथीयांसोबत दुष्काळग्रस्तांच्या मदतीला रशियात गेल्या. १९३० मध्ये नवऱ्यासोबत कनेक्टिकटमधल्या रेडिंगला शेतावर राहायला आल्या आणि बागेच्या नादाला लागल्या.

अडचण एकच होती. दर वसंतात नांगरणीसाठी ट्रॅक्टरवाल्याची वाट बघावी लागायची. तो आला नाही की पेरणी रखडायची.

१९४४ मध्येही तेच झालं. साठीला टेकलेल्या रूथ यांचं लक्ष ॲस्परॅगसच्या वाफ्याकडे गेलं. ते पीक एकदा लावलं की वर्षानुवर्षं येतं, त्याखालची जमीन कुणी नांगरत नाही. मग बाकीच्या भाज्यांनाच नांगर कशाला?

त्यांनी न नांगरता बी पेरलं. तण माजू नये म्हणून जमिनीवर वाळलेल्या गवताचा जाड थर अंथरला. पुढे हा थर साधारण आठ इंचांचा ठेवायचा, कुठे पातळ झाला की तिथे आणखी गवत टाकायचं, एवढंच काम उरलं.

हे चालतं कसं?

थरामुळे ऊन थेट मातीवर पडत नाही, त्यामुळे ओल लवकर उडत नाही. तणाच्या बियांना उजेड मिळत नाही. खालचं गवत कुजत जातं, गांडुळं वाढतात आणि माती आपोआप भुसभुशीत होते. अशी माती पाणीही जास्त धरून ठेवते. आपल्याकडे उसाचं पाचट न जाळता सरीत ठेवतात, त्यामागचं तत्त्व हेच.

अर्थात, ही काही जादू नाही. थर पातळ राहिला तर तण उगवतंच, ओलाव्यात गोगलगायी येऊ शकतात आणि पाऊस कमी असेल तिथे थोडं पाणी द्यावंच लागतं. नत्र कमी पडू नये म्हणून रूथ स्वतः सरकीची पेंड टाकायच्या.

पाठ न दुखवता बाग कशी करायची, यावरचं त्यांचं पुस्तक १९५५ मध्ये आलं आणि घरोघरी पोहोचलं. वयाच्या नव्वदीतही त्या बागेत काम करत होत्या. १९८० मध्ये, ९६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज ‘नो-डिग’ म्हणून जी बागकामाची पद्धत चर्चेत असते, तिच्या सुरुवातीच्या प्रचारकांमध्ये रूथ यांचं नाव घेतलं जातं. त्यामुळे अंगणातला पालापाचोळा पुढच्या वेळी जाळण्याआधी एकदा झाडाच्या बुंध्याशी, खोडापासून थोडं अंतर ठेवून पसरून बघा.