विल्यम स्टिल यांची नोंदवही

१८५० सालच्या ऑगस्ट महिन्यातील ही गोष्ट आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या एका संस्थेच्या कचेरीत विल्यम स्टिल नावाचे तरुण कारकून काम करीत होते. पन्नाशीकडे झुकलेला एक कृष्णवर्णीय गृहस्थ तेथे आला. दूर दक्षिणेतील अलाबामा राज्यात गुलामीत राबताना पैपैका साठवून त्याने आपली सुटका विकत घेतली होती. लहानपणी दुरावलेल्या आईबापांचा तो शोध करीत होता. त्याने त्यांची नावे लेविन आणि सिडनी अशी सांगितली. विल्यम स्तंभित झाले. ती त्यांच्याच मातापित्यांची नावे होती! समोर बसलेला तो गृहस्थ म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ पीटर होता.

विल्यम यांची आई मेरीलँडमध्ये गुलाम होती. एकदा ती चार मुलांना घेऊन पळाली, पण पकडली गेली. दुसऱ्या वेळी दोन मुली तेवढ्या तिला बरोबर नेता आल्या. मागे राहिलेल्या दोन्ही मुलग्यांना मालकाने दक्षिणेत विकून टाकले. थोरला गुलामीतच मेला. धाकटा हा पीटर. विल्यम यांचा जन्म त्यानंतर, १८२१ साली न्यू जर्सीत झाला. अठरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. शाळा त्यांना फारशी लाभली नाही. वाचन त्यांनी स्वतःच्या हिमतीवर वाढविले. १८४७ साली त्या कचेरीत ते नोकरीस लागले, तेव्हा झाडलोटही त्यांच्याकडेच होती.

चाळीस वर्षांहून अधिक काळानंतर पीटरला आई भेटली. ही भेट निव्वळ योगायोगाने घडली होती. अशी ताटातूट झालेली कुटुंबे हजारो होती. त्यांनी एकमेकांस शोधावे कसे? म्हणून पळून येणाऱ्या प्रत्येकाची हकीकत स्टिल बारकाईने लिहून ठेवू लागले. मूळचे नाव, नवे नाव, वय, मालक, मागे राहिलेली माणसे, सारे काही.

या पळून जाण्याच्या वाटेला लोक भुयारी रेल्वे म्हणत. तिला रूळ नव्हते की बोगदे नव्हते. रात्रीचा प्रवास आणि आसरा देणारी घरे, हीच ती रेल्वे. हेन्री ब्राउन नावाचा गुलाम तर १८४९ साली लाकडी पेटीत बसून रिचमंडहून पार्सल म्हणून फिलाडेल्फियास आला! ती पेटी उघडताना स्टिल हजर होते.

१८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामास साहाय्य करणाऱ्याला हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद होऊ शके. अशा वेळी नोंदी ठेवणे म्हणजे स्वतःविरुद्धच पुरावा लिहून ठेवणे होते. स्टिल यांनी ते कागद एका दफनभूमीच्या इमारतीत लपवून ठेविले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली आणि १८७२ साली त्या नोंदींचा जाडजूड ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. (पुढच्याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांस अर्पण केला.)

१९०२ साली स्टिल वारले. त्यांची १८५२ ते १८५७ या काळातील नोंदवही फिलाडेल्फियात जपून ठेविली आहे. आपले पूर्वज कोण होते आणि कोठून आले, हे शोधणारे लोक अजूनही तिची पाने चाळतात.