व्हेराच्या भक्कम चाली

घरात बुद्धिबळ खेळणारी मुलगी असेल, तर हा प्रकार तुमच्या ओळखीचा असेल. मोबाइलवर बघून आज एक ओपनिंग पाठ, उद्या दुसरं. आणि स्पर्धेत समोरच्याने चौथीच चाल वेगळी केली, की सगळं पाठांतर कोलमडलं! अशा लेकीच्या आईने व्हेरा मेंचिकची गोष्ट जरूर वाचावी, असं मला वाटतं.

व्हेरा जगातली पहिली महिला बुद्धिबळ विजेती. जन्म १९०६ चा, मॉस्कोतला. वडील चेक, आई इंग्रज. वडिलांची गिरणी होती, खाऊनपिऊन सुखी घर. व्हेरा नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला बुद्धिबळाचा पट आणून दिला. मग रशियात क्रांती झाली. गिरणी गेली, सुबत्ता गेली, पुढे आईवडीलही वेगळे झाले. १९२१ साली आई दोन्ही मुलींना, व्हेराला आणि धाकट्या ओल्गाला, घेऊन माहेरी इंग्लंडला आली. गाव हेस्टिंग्ज, दक्षिण किनाऱ्यावरचं.

पंधरा वर्षांची मुलगी, परका देश, इंग्रजी धड येत नाही. बोलायचं तरी कुणाशी? पण बुद्धिबळाच्या पटावर बोलावं लागतच नाही. १९२३ मध्ये ती हेस्टिंग्जच्या क्लबात दाखल झाली. तिथेच तिला गुरू भेटले, हंगेरीचे नामवंत खेळाडू गेझा मारोत्सी.

मारोत्सींचा खेळ म्हणजे आधी घराचा पाया पक्का, मग वरचे मजले. व्हेराने तेच उचललं. झटपट मात देणारे सापळे तिच्या स्वभावातच नव्हते. काळ्या सोंगट्या घेतल्या, की तिची आवडती सुरुवात होती फ्रेंच डिफेन्स. पांढऱ्याने राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, की आपलं राजासमोरचं प्यादं एकच घर सरकवायचं आणि पुढच्या चालीत वजिरासमोरचं प्यादं दोन घरं नेऊन त्याच्यासमोर उभं करायचं. दोन प्यादी एकमेकांना धरून उभी राहतात, मधली भिंत तयार होते. यात एक खोट आहे बरं का. वजिराच्या बाजूचा आपला उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. म्हणजे हे ओपनिंग घ्यायचं, तर त्या उंटाला वाट कशी काढून द्यायची हेही शिकावं लागतं. नुसत्या चाली पाठ करून भागत नाही.

पांढऱ्या सोंगट्या असल्या, की तिचा भर वजिराच्या बाजूने डाव उघडण्यावर, क्वीन्स गॅम्बिटसारख्या सुरुवातींवर असायचा. पटाचा मध्य ताब्यात ठेवायचा, घाई करायची नाही, थोडीशी सरशी जपत जपत डाव शेवटाकडे न्यायचा. असा खेळ बघायला कंटाळवाणा, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला काही ते पटत नाही. रोजचं वरणभात नीट जमणं ही काय साधी गोष्ट आहे?

१९२७ साली लंडनमध्ये पहिली महिला जागतिक स्पर्धा झाली. व्हेराने अकरापैकी साडेदहा गुण मिळवले. त्यानंतर १९३९ पर्यंत ही स्पर्धा आणखी सहा वेळा झाली आणि दर वेळी विजेती व्हेराच! सातही स्पर्धा मिळून ८३ डाव, त्यात हरली फक्त एक.

पुरुषांच्या पंगतीत मात्र इतकं सोपं नव्हतं. १९२९ च्या वसंतात रॅम्सगेटला ती कापाब्लांकाच्या अवघा अर्धा गुण मागे, दुसऱ्या क्रमांकावर विभागून आली. खुद्द गुरू मारोत्सी तिच्या मागे राहिले! त्याच वर्षी कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेत तिचं नाव बघून व्हिएन्नाच्या आल्बर्ट बेकरने थट्टा केली, की जो कुणी या बाईकडून हरेल त्याला व्हेरा मेंचिक क्लबचं सभासद करून टाकू. पहिला सभासद कोण झाला असेल? बेकरच! पुढे मॅक्स यूवे दोनदा हरला, जो १९३५ मध्ये जगज्जेता झाला. पंजाबातून इंग्लंडला गेलेला आणि तिथला राष्ट्रीय विजेता ठरलेला आपला मीर सुलतान खानही तिच्यापुढे हरला.

पण क्लबाची गोष्ट सांगताना एक भाग गाळला जातो. त्याच कार्ल्सबादला व्हेरा बावीस जणांत शेवटची आली. १९३५ ला मॉस्कोत, म्हणजे जन्मगावीच, एकोणीस डावांत एकही विजय नाही, फक्त तीन बरोबरी. भक्कम सुरुवातीमुळे पहिल्या पंधरा चालींत बुडायची भीती कमी होते, पण पुढचा डाव ज्याचा त्यालाच खेळावा लागतो. तरी पुढच्या स्पर्धेला ती पुन्हा पटासमोर हजर.

१९३७ मध्ये तिने इंग्लंडच्या बुद्धिबळ संघटनेत काम करणाऱ्या स्टीव्हन्सन यांच्याशी लग्न केलं. ते तिच्याहून अठ्ठावीस वर्षांनी मोठे. १९३९ पासून लंडनच्या राष्ट्रीय बुद्धिबळ केंद्राचा कारभार ती बघत होती. पुढच्याच वर्षी बॉम्बहल्ल्यात ते केंद्र गेलं. १९४३ मध्ये नवराही गेला.

२६ जून १९४४. लंडनच्या क्लॅफम भागातल्या घरावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला. व्हेरा, ओल्गा आणि आई, तिघी एकदमच गेल्या. घरातली पदकं, करंडक, डावांच्या नोंदी, काही उरलं नाही. व्हेरा फक्त ३८ वर्षांची होती आणि तेव्हाही जगज्जेतीच होती. ती रिकामी गादी भरायला १९५० साल उजाडलं.

आज ऑलिम्पियाडमध्ये महिलांच्या विजेत्या संघाला मिळतो, तो करंडक व्हेरा मेंचिकच्या नावाचा आहे. २०२४ मध्ये मारोत्सींच्याच हंगेरीत, बुडापेस्टला, तो भारताच्या मुलींनी पहिल्यांदा जिंकला. त्या संघात तिसऱ्या पटावर खेळत होती आपल्या नागपूरची दिव्या देशमुख.